कार्बन समुद्राच्या तळाशी कसा पोहोचतो?

पावसाळ्यात देवळा तालुक्यातील लोहोणेरजवळ गिरणा नदीला पूर आला की तिचे पाणी चहासारखे गढूळ होते. असे पाणी काचेच्या उंच ग्लासात भरून ठेवले, तर वाळू काही सेकंदांत तळाशी बसते. त्याहून बारीक गाळाला तास-दोन तास लागतात. पण दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी पुरते निवळलेले नसते, कारण चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण अजून पाण्यातच असतात. म्हणून तर आपल्याकडे पाण्यात तुरटी फिरवण्याची रीत आहे. तुरटीमुळे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके बनतात आणि हे पुंजके लवकर खाली बसतात.

विद्यार्थी मित्रहो, कण केव्हा बुडतो आणि किती वेगाने बुडतो, हा प्रश्न ग्लासापुरता मर्यादित नाही. तोच प्रश्न समुद्राला लावला, की त्याचा संबंध थेट पृथ्वीच्या हवामानाशी पोहोचतो. तो कसा, हे आता पाहू.

पृष्ठभागावरील हिरवा कारखाना

समुद्राच्या वरच्या सुमारे शंभर मीटर थरात सूर्यप्रकाश पोहोचतो. तेथे डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य वनस्पती तरंगत असतात. त्यांना वनस्पतिप्लवक म्हणतात. शेतातील कांद्याची पात जे करते, तेच काम त्या पाण्यात करतात. पाण्यात विरघळलेला कार्बन डाय-ऑक्साइड घेऊन त्या सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करतात. साऱ्या महासागरांत मिळून दरवर्षी सुमारे ५,००० कोटी टन कार्बन अशा रीतीने सेंद्रिय रूपात बांधला जातो. जमिनीवरील सर्व जंगले, गवत आणि पिके मिळून साधारण एवढेच काम करतात.

मात्र यातील बहुतेक कार्बन तेथल्या तेथेच परत मोकळा होतो. प्राणिप्लवक या वनस्पतींना खातात, जिवाणू उरलेले कुजवतात आणि त्यांच्या श्वसनातून कार्बन डाय-ऑक्साइड पुन्हा पाण्यात व हवेत येतो. थोडा भाग मात्र मेलेल्या पेशी, प्राण्यांच्या लेंड्या आणि चिकट पुंजके यांच्या रूपाने खाली बुडू लागतो. १९५० च्या दशकात जपानी संशोधकांनी पाणबुडीतून हे पांढरे पुंजके भुरभुरताना पाहिले आणि त्यांना 'सागरी हिम' असे नाव दिले. हा हिमवर्षाव वर्षभर, अहोरात्र चालू असतो.

जो कार्बन दोनशे मीटरवर कुजतो, तो थोड्याच वर्षांत पाण्याच्या घुसळणीबरोबर पुन्हा वर येऊ शकतो. जो हजार मीटरच्या खाली पोहोचतो, तो शेकडो वर्षे हवेपासून दूर राहतो. म्हणजे कार्बन किती बांधला गेला, यापेक्षा तो किती खोल गेला, याला अधिक महत्त्व आहे.

स्टोक्सचे गणित

ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनी १८५१ साली द्रवातून पडणाऱ्या लहान गोलाच्या वेगाचा नियम मांडला. गोल पडू लागला की द्रवाचा विरोध वाढत जातो आणि लवकरच गोलाला एक ठरावीक वेग प्राप्त होतो. हा वेग दोन गोष्टींवर अवलंबून असतो. कणाची घनता पाण्याच्या घनतेपेक्षा जितकी जास्त, तितका वेग जास्त. शिवाय वेग त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्रिज्या दुप्पट झाली तर वेग चौपट होतो, आणि त्रिज्या दहापट झाली तर वेग शंभरपट.

आता आकडे घालून पाहू. वनस्पतिप्लवकाच्या एका पेशीची त्रिज्या १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, समजू. तिची घनता पाण्यापेक्षा घनमीटरला ५० किलोग्रॅमने जास्त धरली, तर तिचा बुडण्याचा वेग दिवसाला सुमारे १ मीटर येतो. या गतीने ३,००० मीटर खोल जायला आठ वर्षांहून अधिक काळ लागेल. वाटेत जिवाणू तिला शिल्लक ठेवणार नाहीत. आता तेवढ्याच घनतेची, पण १०० मायक्रॉन त्रिज्येची लेंडी घ्या. तिचा वेग दिवसाला सुमारे १०० मीटर येतो, आणि ती महिनाभरात तळ गाठते.

म्हणजे समुद्रात तुरटीचे काम जीवच करतात. प्राणिप्लवक हजारो पेशी खाऊन त्यांची एक लेंडी बनवतात. पेशींतून पाझरणारे चिकट पदार्थ इतरांची मोट बांधतात. त्यात चुन्याची कवचे, वाऱ्याने आलेली धूळ किंवा नद्यांची माती अडकली, तर त्या मोटेला वजनही मिळते.

अरबी समुद्रातील नरसाळी

हे सारे कागदावर ठीक आहे, पण प्रत्यक्षात तसे घडते का? त्याचा पुरावा आपल्याच समुद्रातून मिळाला. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय सागरविज्ञान संस्था आहे. तिची स्थापना १९६६ साली झाली. या संस्थेने जर्मनीतील हॅम्बुर्ग विद्यापीठाच्या सहकार्याने १९८६ पासून अरबी समुद्रात कण पकडणारे सापळे लावले.

हा सापळा म्हणजे एक मोठे नरसाळेच होय. त्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे अर्धा चौरस मीटर असते. तळाशी एका फिरत्या चकतीवर बाटल्या बसवलेल्या असतात. ठरलेल्या दिवसांनी चकती फिरते आणि नवी बाटली नरसाळ्याखाली येते. बाटलीतील नमुना कुजू नये म्हणून तिच्यात रसायन घातलेले असते. दोराच्या एका टोकाला नांगराचे वजन आणि दुसऱ्या टोकाला तरंगणारे गोळे बांधून हा सापळा खोल पाण्यात उभा ठेवतात. काही महिन्यांनी जहाज परत येते आणि ध्वनिलहरींचा संकेत देते. त्याबरोबर नांगर सुटतो आणि सापळा वर येतो.

बाटल्या उघडल्यावर ऋतुचक्रच समोर आले. नैर्ऋत्य मोसमी वारे वाहू लागले की सोमालिया व ओमानच्या किनाऱ्यालगत खोलवरचे खतयुक्त पाणी वर येते. हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्राचा पृष्ठभाग थंड होऊन पाणी घुसळले जाते आणि पुन्हा खत वर येते. दोन्ही वेळी प्लवकांची भरभराट होते. सुमारे ३,००० मीटर खोलीवरच्या बाटल्यांतही कणांचे प्रमाण मोसमी वाऱ्यांच्या काळात वाढलेले आढळले. हे निष्कर्ष १९८९ मध्ये 'नेचर' या साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. एकेकटी पेशी बुडत असती, तर आठ वर्षांच्या प्रवासात ऋतूंचा हा फरक पुसला गेला असता. कण मोठ्या मोटा बांधून काही आठवड्यांत खाली येतात, हेच त्यावरून सिद्ध होते.

या वर्षावाची किंमतही मोजावी लागते. बुडणारे कण वाटेत कुजतात, तेव्हा पाण्यातील प्राणवायू खर्च होतो. अरबी समुद्रात साधारण १५० ते १,००० मीटरच्या पट्ट्यात प्राणवायू जवळजवळ नाहीसा झालेला आढळतो, त्याचे हे एक मोठे कारण आहे. १९८७ साली अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन मार्टिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅसिफिक महासागरातील मोजमापांवरून एक सूत्र दिले. त्यानुसार १०० मीटर खोलीवरून १०० भाग कार्बन खाली निघाला, तर १,००० मीटरपर्यंत सुमारे १४ आणि ३,००० मीटरपर्यंत सुमारे ५ भागच पोहोचतात.

लोखंड टाकून पाहिले

काही समुद्रांत इतर खते भरपूर असूनही प्लवक वाढत नाहीत, कारण तेथे लोह फार कमी असते. मग लोह टाकून प्लवक वाढवावेत आणि हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड समुद्रतळाशी पाठवावा, अशी कल्पना पुढे आली. ती पारखण्यासाठी २००९ साली भारत व जर्मनी यांनी मिळून 'लोहाफेक्स' हा प्रयोग केला. गोव्याच्या संस्थेचे वाजिह नक्वी आणि जर्मनीतील आल्फ्रेड वेगेनर संस्थेचे व्हिक्टर स्मेटाचेक हे त्याचे प्रमुख होते. काही पर्यावरणवादी संघटनांनी या प्रयोगाला विरोध केला. जर्मन सरकारने छाननी करून परवानगी दिल्यावरच प्रयोग सुरू झाला.

'पोलारस्टेर्न' या जहाजावरून दक्षिण अटलांटिकमधील एका भोवऱ्यात सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात दोनदा, प्रत्येकी दोन टन लोह फेरस सल्फेटच्या रूपात टाकण्यात आले. ३९ दिवस निरीक्षण चालले. पाण्यातील हरितद्रव्य दुप्पट झाले. पण २०० आणि ४५० मीटरवरच्या सापळ्यांत पडणाऱ्या कार्बनात वाढ झाली नाही!

असे का झाले? त्या पाण्यात सिलिका फारच कमी होती. त्यामुळे वाळूच्याच द्रव्याचे जड कवच असणारे डायटम वाढू शकले नाहीत. जे लहान प्लवक वाढले, ते कोपेपॉड नावाच्या प्राणिप्लवकांनी खाऊन टाकले. त्यांच्या लेंड्याही खाली जाण्यापूर्वी इतर जीवांनी फस्त केल्या. याउलट २००४ साली याच जहाजावरून, पण सिलिकायुक्त पाण्यात केलेल्या प्रयोगात डायटमांचे मोठे पीक आले होते. त्याचा निम्म्याहून अधिक भाग हजार मीटरच्या खाली बुडाला होता. लोह तेच होते, पण फळ निराळे मिळाले.

आज माणसाने सोडलेल्या कार्बन डाय-ऑक्साइडचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. त्याच्यावर आणखी भार टाकण्याच्या योजना यापुढेही ऐकू येतील. अशी योजना वाचनात आली, की पाणी किती हिरवे झाले एवढ्यावर समाधान मानू नका. कण किती मोठे होते, किती जड होते, वाटेत त्यांना कोणी खाल्ले आणि अखेर ते किती खोल पोहोचले, हे विचारा. स्टोक्सचा नियम नववी-दहावीच्या विद्यार्थ्यालाही समजण्यासारखा आहे. ५० मायक्रॉन त्रिज्येचा, वरच्याच घनतेचा कण ३,००० मीटर खोल जायला किती दिवस लागतील, हे गणित स्वतः करून पाहा. उत्तर सुमारे चार महिने आले, तर आपली रीत बरोबर आहे असे समजा.