नव्या धंद्यासाठी अर्धवेळ मार्केटिंगचा माणूस ठेवताना

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी या यंत्रमागाच्या गावांत ग्रे कापड विणायचे आणि दलालामार्फत विकायचे, हा पिढ्यानपिढ्यांचा रिवाज. आपले कापड पालीला गेले की बालोत्र्याला, त्यावर कोणता रंग चढला, कोणाच्या घरात ते वापरले गेले, हे विणणाऱ्याला कधी कळत नाही. अलीकडे मात्र शिकलेली मुले स्वतःच्या नावाने तयार माल काढू लागली आहेत. कोणी चादरी आणि उशांचे अभ्रे, कोणी लुंगी, कोणी दुपट्टे. २०१६ साली केंद्र सरकारने 'स्टार्टअप इंडिया' योजना सुरू केल्यापासून अशा धंद्याला स्टार्टअप म्हणण्याची पद्धत पडली. नाव काहीही द्या, अडचण जुनीच आहे. माल तयार आहे, विकणारा नाही. पूर्ण पगाराचा माणूस परवडत नाही, म्हणून 'पार्ट टाइम मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह पाहिजे' असा मजकूर व्हॉट्सअॅपवर फिरू लागतो.

ही मुले सल्ल्यासाठी आमच्याकडेही येतात. आम्ही त्यांना पहिला प्रश्न विचारतो, काम नेमके कोणते? बहुतेकांच्या डोक्यात दोन कामांची खिचडी झालेली असते. मोबाईलवर मालाचे फोटो टाकणे, गिऱ्हाइकांना उत्तरे देणे, कुरिअरचा पाठपुरावा करणे हे एक काम. धुळे, जळगाव, नाशिकच्या बाजारात दुकानोदुकानी फिरून ऑर्डर आणणे आणि पुढे वसुली करणे हे अगदी दुसरे. पहिले काम घरात बसलेली शिकलेली मुलगी किंवा सून रोज तीन तासांत उत्तम करते. तिला ठरलेल्या तासांचा ठरलेला पगार द्यावा आणि तो वेळेवर द्यावा, त्यात फार गुंतागुंत नाही. दुसऱ्या कामात मात्र दुकानाचे भांडवल पणाला लागते, म्हणून त्याविषयीच येथे लिहितो.

बाजारात फिरणारा अर्धवेळ माणूस बहुधा आधीच दोन-तीन पेढ्यांची सॅम्पले एकाच थैलीत घेऊन फिरत असतो. त्यात वावगे काही नाही, उलट फायदा आहे. दुकानदार त्याला ओळखतो, आणि कोण पैसे वेळेवर देतो, कोण चार चकरा मारायला लावतो, हे त्याला तोंडपाठ असते. ही माहिती नव्या पेढीला विकत मिळत नाही. फक्त त्याच्या थैलीत आपल्याच जातीचा माल नसावा. टॉवेलवाल्याची सॅम्पले असतील तर आपल्या चादरीला अडचण नाही. दुसऱ्या चादरवाल्याची असतील तर जिकडे कमिशन जास्त तिकडची चादर आधी उघडली जाईल. मनुष्यस्वभावच तो.

माणूस ठेवण्यापूर्वी मालकाने स्वतः थैली उचलून पहिले काही महिने बाजारात जावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. दुकानदार 'नको' म्हणतो तेव्हा कारण भाव आहे, रंग जाण्याची भीती आहे, की ९० बाय १०० इंचाऐवजी त्याला ९० बाय १०८ ची चादर हवी आहे, हे मालकाने स्वतःच्या कानांनी ऐकले पाहिजे. नोकर हा निरोप आणील, पण अर्धाच आणील.

आता हिशोब. समजा मालावर सर्व खर्च जाऊन १२ टक्के सुटतात. माणसाला महिना ८,००० रुपये ठरले, प्रवासाचे ३,००० आणि विक्रीवर २ टक्के कमिशन. महिन्याला २ लाखांचा माल गेला तर त्याच्यावर १५,००० खर्च झाले, म्हणजे विक्रीच्या साडेसात टक्के. मालकाला साडेचार टक्के उरले. पण विक्री १ लाखच झाली तर खर्च १३,००० आणि नफा १२,०००. घरातले हजार रुपये घालून धंदा केला. या हिशोबात १ लाख १० हजारांच्या खाली प्रत्येक महिना तोट्याचा आहे. पगार ठरवण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या मालाचा असा आकडा काढून ठेवावा. शिवाय ६० दिवसांची उधारी चालली तर महिना २ लाखांच्या विक्रीमागे ४ लाख रुपये सदैव बाजारात अडकलेले राहणार. सूतवाला तेवढे दिवस थांबणार आहे का?

कमिशन कशावर द्यावे, हा या साऱ्या मामल्याचा गाभा. आमच्या ओळखीच्या दोन भावांनी तयार चादरींचा धंदा काढला आणि एका अर्धवेळ माणसाला ऑर्डरवर ३ टक्के कबूल केले. त्याने दोन महिन्यांत ५ लाखांच्या ऑर्डर आणल्या. माल गेला, त्याने १५,००० उचलले. सहा महिन्यांनंतरही त्यातले १ लाख ९० हजार यायचे होते. त्या माणसाने लबाडी केली असे आम्ही म्हणणार नाही. ऑर्डर आणायचे पैसे ठरले होते, त्याने ऑर्डर आणल्या. उधारीवर माल घ्यायला कोण नाही म्हणतो? सूतवाल्याने पुढचे सूत थांबवले, आणि भावांना पुन्हा दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने माग चालवावे लागले. म्हणून कमिशन जमा झालेल्या रकमेवरच द्यावे. मात्र मग ठरलेला पगार आणि प्रवासखर्च यांत चालढकल करू नये, कारण वसुली लांबली तरी बसचे भाडे त्याला आजच द्यावे लागते.

वसुली त्याच्याकडे असली तरी रोख रक्कम त्याच्या हाती पडू देऊ नये. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार आपण ज्याला आपला माणूस म्हणून बाजारात वावरू दिले, त्याच्या व्यवहाराने आपण बांधले जातो. आत आपण त्याला 'पैसे घेऊ नकोस' असे बजावले असेल, पण दुकानदाराला ते ठाऊक नसेल आणि आपल्या वागण्यावरून त्याने तसा भरवसा धरला असेल, तर नुकसान आपल्या माथी येऊ शकते. उपाय सोपा आहे. 'रक्कम फक्त पेढीच्या बँक खात्यात' असे प्रत्येक बिलावर ठळक छापावे आणि खात्याचा क्यूआर कोडही तेथेच द्यावा.

त्याच बिलावर उद्यम नोंदणीचा क्रमांकही असावा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. एप्रिल २०२४ पासून ही मुदत आयकरालाही जोडली गेली. मुदतीत पैसे न दिल्यास ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च वजा मिळत नाही. हे संरक्षण माल बनवणाऱ्याला आहे, केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला नाही. आपल्या माणसाला हे नीट समजावून द्यावे. दुकानदाराला कायद्याचा धाक घालत फिरावे असे नव्हे, पण ९० दिवसांची मागणी आली तर नम्रपणे नाही म्हणायला आधार मिळतो.

या सर्व गोष्टी एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात: कोणते जिल्हे, आठवड्यात किती दिवस, किती सॅम्पले दिली, भावात किती सूट देण्याचा अधिकार. दिवस ठरवताना आपल्या गावाची सुट्टीही पाहावी. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात, बाहेरचे बाजार चालू असतात. तो दिवस फिरतीला चांगला. 'आमच्याकडून गेल्यावर दुसऱ्या चादरवाल्याकडे काम करणार नाही' अशी अट मात्र काही जण घालतात, ती व्यर्थ आहे. करार कायद्याच्या कलम २७ पुढे ती टिकत नाही. काम चालू असेपर्यंत तशी अट घालता येते, नंतर नाही.

माणूस काम सोडून गेला तर त्याच दिवशी प्रत्येक दुकानदाराला लेखी कळवावे, कारण दुकानदाराला कळेपर्यंत त्याचा अधिकार संपला असे कायदा धरत नाही. ऑर्डर बुक, शेड कार्ड आणि फिरतीचे सिमकार्ड परत घ्यावे. सिमकार्ड पहिल्यापासून पेढीच्याच नावावर असावे, कारण सगळ्या दुकानदारांकडे तोच नंबर असतो.