ग्रहणाचा चहा आणि सोबत गाणे

ग्रहणाचा दिवस आला की आपल्याकडे दोन तऱ्हा दिसतात. एका घरात दारे-खिडक्या लावून, उपाशी बसून ग्रहण सुटण्याची वाट पाहिली जाते. दुसऱ्या घरातली मुले काजळी धरलेली काच नाहीतर जुन्या एक्स-रेचा तुकडा घेऊन गच्चीवर धावतात. डॉक्टर म्हणून मला दोन्ही घरांची काळजी वाटते. पहिल्या घरातली गरोदर सून आणि मधुमेही आजोबा विनाकारण उपाशी राहतात. दुसऱ्या घरातल्या मुलांच्या डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते. यावर एक साधा आणि आनंदाचा उपाय आहे. ग्रहणाच्या वेळी चार शेजाऱ्यांना बोलवावे, नीटनेटके चहापान करावे आणि त्याला गाण्याची साथ द्यावी. ऐकायला हा शौक वाटेल, पण त्यामागे आरोग्याचा विचार आहे. तो आज सांगतो.

साठी ओलांडलेल्या वाचकांना १६ फेब्रुवारी १९८० चे ग्रहण आठवत असेल. खग्रास ग्रहणाचा पट्टा आपल्या शेजारच्या कारवार-अंकोल्यावरून पुढे गेला होता. मुंबईत वानखेडे मैदानावर भारत आणि इंग्लंड यांचा कसोटी सामना आदल्याच दिवशी सुरू झाला होता. ग्रहणामुळे १६ तारखेला खेळ न ठेवता तो विश्रांतीचा दिवस करण्यात आला. गावोगावचे रस्ते त्या दुपारी ओस पडले होते. डोळ्यांची काळजी करण्यात चूक काहीच नव्हती. पण भीती नेमकी कशाची बाळगायची हे लोकांना नीट सांगितले गेले नाही, म्हणून डोळ्यांबरोबर अन्न, पाणी आणि गरोदर बायका सगळेच भीतीच्या यादीत गेले.

भीती कशाची बाळगावी?

ग्रहणात सूर्यातून कोणतेही वेगळे किरण बाहेर पडत नाहीत. रोजचाच सूर्य, फक्त चंद्र मध्ये आल्यामुळे त्याचा थोडा भाग झाकलेला. त्यामुळे अन्न नासत नाही, पाणी विषारी होत नाही आणि अंगावर ऊन पडल्याने कोणाला काही होत नाही.

धोका आहे तो सूर्याकडे टक लावून पाहण्यात. एरवी सूर्याकडे पाहिले की डोळे आपोआप मिटतात. ग्रहणात उजेड मंदावतो, डोळ्याची बाहुली मोठी होते आणि माणूस पाहत राहतो. डोळ्यातले भिंग सूर्याचा उरलेला प्रखर भाग दृष्टिपटलाच्या मध्यावर एकवटते आणि तेथील नाजूक पेशींना इजा होते. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, हे यातले सर्वांत वाईट. इजा होत असताना दुखत नाही. काही तासांनी नजरेच्या मधोमध काळा ठिपका दिसू लागतो, सरळ रेघ वाकडी दिसते, रंग फिके वाटतात. यावर खात्रीचा उपचार नाही. पुष्कळांची नजर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारते, काहींचा ठिपका जन्मभर राहतो. मुलांच्या डोळ्यातले भिंग अधिक स्वच्छ असल्याने त्यांना धोका जास्त.

अमेरिकेत २१ ऑगस्ट २०१७ रोजी ग्रहण झाले, तेव्हा न्यूयॉर्कमधील एका तरुणीने काही सेकंद साध्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहिले. डॉक्टरांनी तिच्या दृष्टिपटलाचे छायाचित्र काढले तर त्यावर चंद्रकोरीच्या आकाराचा डाग उमटलेला होता. ग्रहणातल्या सूर्याचा जो आकार, तोच डोळ्यात कोरला गेला होता.

उपवासाचा हिशेब

सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर, म्हणजे बारा तास आधी लागतात, असे पंचांग सांगते. त्यात ग्रहणाचे दोन-तीन तास मिळवा. धडधाकट माणूस एवढा उपवास सहज करील. पण मधुमेहाची काही औषधे किंवा इन्सुलिन घेऊन जो उपाशी राहतो, त्याच्या रक्तातली साखर एकदम उतरते. दरदरून घाम, हातापायांना कंप, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्यावे, नसेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा. गरोदर स्त्रीला इतका वेळ अन्नपाण्यावाचून ठेवले तर चक्कर, पित्त, डोकेदुखी हा त्रास ठरलेला.

मागे एका ग्रहणाच्या आदल्या दिवशी दवाखान्यात एक सासूबाई सुनेला घेऊन आल्या. सातवा महिना होता. त्या म्हणाल्या, “डॉक्टर, उद्या गिराण सुटस्तवर पोरीला काय बी द्यायचं न्हाई. पोराचा ओठ फाटला म्हंजे?” मी म्हटले, “मावशी, बाळाचा ओठ गरोदरपणाच्या दुसऱ्या महिन्यातच तयार होतो. हिच्या बाळाचा ओठ कधीच जुळून आलाय. आता कुठलं ग्रहण तो फाडणार?” त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, “मग दूध-भात चालंल?” दुभंगलेल्या ओठामागे आनुवंशिकता, फॉलिक ॲसिडची उणीव, धूम्रपान, फिटांवरची काही औषधे, आईचा मधुमेह अशी कारणे असू शकतात. भाजी चिरण्याचा त्यात काही संबंध नाही.

ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी स्नान करावे, जप करावा. माझे मागणे एवढेच, की आजारी, वृद्ध, मुले आणि गरोदर स्त्रिया यांचे जेवण व औषध चुकवू नये. पंचांगातही त्यांना सवलत दिलेली असतेच. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते ग्रहणात मुद्दाम खाऊन-पिऊन दाखवतात, तेही याचसाठी. मला वाटते, नुसत्या व्याख्यानाने जी भीती जात नाही ती शेजारणीच्या हातच्या चहाने जाते.

दिवाळीतले चहापान

२५ ऑक्टोबर २०२२ चे ग्रहण लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्या मधल्या दिवशी आले. घराघरांत फराळाचे डबे भरलेले आणि त्यांवर तुळशीची पाने ठेवलेली. आमच्या गल्लीतल्या पंचवीसेक मंडळींना मी सायंकाळी गच्चीवर बोलावले. कोल्हापुरात ग्रहण पाचच्या सुमारास लागणार होते आणि सहानंतर लगेच ग्रस्त सूर्यच मावळणार होता.

टेबलावर पांढरी चादर, ठेवणीतल्या कपबश्या, किटलीत चहा, शेजारी बिनसाखरेच्या चहाची वेगळी किटली. चकली, चिवडा, भडंग, आणि ज्यांना तळलेले वर्ज्य त्यांच्यासाठी काकडीचे सँडविच व केळी. गाणे तर कोल्हापूरच्या पाण्यातच आहे. शाहू महाराजांनी उस्ताद अल्लादियाखाँ यांना दरबारी गायक म्हणून येथे आणले, तो वारसा गल्लीबोळांत अजून झिरपतो आहे. आमच्या शेजारी पेटी शिकवणारे एक गुरुजी राहतात. ते, त्यांची एक विद्यार्थिनी आणि तबल्याला तिचा भाऊ, एवढाच जलसा. सुरुवातीला मुलतानी आणि सूर्य कलल्यावर पूरिया धनाश्री, असे त्यांनीच ठरवले.

बसण्याची व्यवस्था मात्र मी ठरवली होती. सूर्य पश्चिमेला, म्हणून गाणारे गच्चीच्या उत्तर बाजूला आणि ऐकणारे त्यांच्याकडे तोंड करून. सूर्य सगळ्यांच्या कुशीला राहिला, डोळ्यांसमोर कोणाच्याच नाही. ग्रहणाचे चष्मे फक्त सहा होते. एक बंदिश संपली की सहाजणांनी उठायचे, आधी चष्मा लावायचा, मग मान वर करायची, दहा सेकंद पाहायचे, मान खाली घालून चष्मा काढायचा आणि पुढच्याला द्यायचा. गाणे चालू असल्यामुळे कोणी रेटारेटी केली नाही, मुलेही आपल्या पाळीची वाट पाहत बसली. संगीताचा हा उपयोग मला फार मोलाचा वाटला. माणसाचे मन दुसरीकडे रमले की तो सूर्याकडे टक लावून बसत नाही.

सूर्य तांबूस होऊन खाली आला तेव्हा एक-दोघांनी चष्मे काढण्याची तयारी केली. त्यांना थांबवावे लागले. मावळतीचा सूर्य सौम्य दिसतो, पण रोखून पाहण्याइतका तो निर्धोक असेलच याची खात्री नसते. पातळ ढगाआडच्या सूर्याचेही तसेच. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळच्या ग्रहणात महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी ढग आडवे आले होते. अशा वेळी लोक चष्मा काढतात आणि ढग सरकला की उघड्या डोळ्यांवर सूर्य येतो.

आपल्या घरी करायचे झाल्यास

कोल्हापुरातून दिसणारे पुढचे सूर्यग्रहण २ ऑगस्ट २०२७ रोजी, सोमवारी आहे. इजिप्तमध्ये लक्झरजवळ ते सहा मिनिटांहून अधिक काळ खग्रास दिसेल. आपल्याकडे ते खंडग्रास, आणि तेही दुपारच्या चहाच्या वेळेला. त्या दिवशी दीप अमावास्या आहे, म्हणजे घरातले दिवे उजळलेले असतीलच. पावसाळा असल्याने सूर्य दिसेल न दिसेल, पण गाणे ठेवले असेल तर ढगांमुळे कोणी हिरमुसणार नाही. तयारी अशी करावी:

चष्मे आयएसओ १२३१२-२ या मानकाचे, विश्वासू ठिकाणाहून घेतलेले असावेत. चरा किंवा भोक पडलेला चष्मा टाकून द्यावा. वेल्डिंगची काच १४ नंबरची असेल तरच चालते. काजळीची काच, एक्स-रे, सीडी, उन्हाचा गॉगल, परातीतल्या पाण्यातले प्रतिबिंब यांपैकी काहीही सुरक्षित नाही. ग्रहणाचा चष्मा लावूनही दुर्बिणीतून पाहू नये.

चष्मा नसेल तर सूर्याकडे पाठ करून ग्रहण पाहावे. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून त्यातून येणारे ऊन पांढऱ्या कागदावर घ्यावे. स्वयंपाकघरातला बुंदीचा झारा उन्हात धरला तर खाली सूर्याच्या कोरींच्या ओळीच उमटतात. लहान आरशावर छोटे भोक पाडलेला कागद चिकटवून त्याची तिरीप खोलीतल्या भिंतीवर पाडली, तर पाच मीटरवर सुमारे साडेचार सेंटिमीटरचा सूर्य दिसतो. मात्र आरशात कोणी डोकावू नये.

खाण्यापिण्यात नेहमीचेच पथ्य. गरोदर स्त्रीने दिवसाला दोन लहान कपांपेक्षा जास्त चहा घेऊ नये आणि लोहाच्या गोळीच्या आधी-नंतर तासभर तरी चहा टाळावा, कारण चहामुळे लोह नीट शोषले जात नाही. मधुमेहींनी औषध आणि खाणे आपापल्या वेळेला घ्यावे. शिजवलेले पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त उघड्यावर ठेवू नयेत. पावसाळ्यात अन्न नासते ते जंतूंमुळे, राहूमुळे नव्हे.

ग्रहणानंतर कोणाला नजरेत काळा ठिपका, धूसरपणा किंवा वाकडे दिसणे जाणवले, तर डोळे चोळू नयेत, घरगुती थेंब घालू नयेत, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. आणि एक विनंती. गल्लीत जिचे दिवस भरत आलेत अशी कोणी असेल, तर चहाचे पहिले आमंत्रण तिच्या सासूबाईंना द्यावे. त्या आल्या की सून येतेच.