गाडीतला आवाज – भाग ६ : दोन सब, चार कॉईल, एक अ‍ॅम्प

मागच्या आठवड्यात बॅटरीपासून अ‍ॅम्पपर्यंतची वायर झाली. आता अ‍ॅम्पपासून पुढे.

नांदेड असो की लातूर, म्युझिक सिस्टीमच्या दुकानात गिऱ्हाईक दोनच प्रश्न विचारतं : किती इंची आणि किती वॅट? ओहम कुणी विचारत नाही. लातूर पॅटर्नच्या मुलखात सिरीज-पॅरललची गणितं झोपेत सोडवणारी पोरं घरोघर आहेत, आणि तेच गणित डिक्कीत चुकतं तेव्हा अ‍ॅम्प जळतात. नववीच्या विज्ञानापलीकडचं इथे फारसं काही लागत नाही.

सिरीजमध्ये ओहमची बेरीज होते. सारखे सब पॅरललमध्ये जोडले, तर एकाच्या ओहमला सबच्या संख्येने भागायचं. ४ ओहमचे दोन सब सिरीजमध्ये ८ होतात, पॅरललमध्ये २. चार पॅरललमध्ये जोडले तर १. अ‍ॅम्पच्या पुस्तिकेत तो कमीत कमी किती ओहमवर चालतो हे छापलेलं असतं. त्याच्या खाली उतरायचं नाही. कारण सरळ आहे. ओहम निम्मे झाले की त्याच व्होल्टेजला करंट दुप्पट होतो. ठिबकच्या आणखी लॅटरल एकदम उघडल्या की पंपावर लोड वाढतो, तसंच हे. आधी अ‍ॅम्प तापतो, मग प्रोटेक्शनचा लाल दिवा लागतो. स्वस्तातल्या अ‍ॅम्पला ते प्रोटेक्शन धड नसतं. तो थेट धूर काढतो.

खरा घोळ डबल कॉईलच्या सबमध्ये आहे. खोक्यावर ‘४+४’ लिहिलेलं असतं, म्हणजे एकाच सबमध्ये ४ ओहमच्या दोन कॉईल. असे दोन सब घेतले की चार कॉईल हाती येतात. चारही पॅरलल केल्या तर १ ओहम. चारही सिरीज केल्या तर १६. प्रत्येक सबच्या कॉईल सिरीज करून दोन्ही सब पॅरलल जोडले तर ४. उलट केलं, कॉईल पॅरलल आणि सब सिरीज, तरी ४च. या चार कॉईल सारख्या वापरून २ ओहम कुठल्याही तऱ्हेने होत नाहीत. अ‍ॅम्प २ ओहमचा असेल तर ‘२+२’चे सब घ्यायचे : कॉईल सिरीज केल्या की प्रत्येक सब ४चा, आणि दोन सब पॅरलल केले की बरोबर २. हा हिशेब पैसे देण्याआधी काउंटरवर करायचा. सब डब्यात बसवल्यावर दुकानदार बदलून देत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही.

मिरवणुकीच्या डीजेवर हात बसलेली पोरं गाडीचं काम करतात तेव्हा ही चूक जास्त होते. तिथले मोठे स्पीकर बहुधा ८ ओहमचे असतात. दोन पॅरलल केले तरी ४ उरतात. तीच सवय ‘२+२’च्या दोन सबवर चालवली की अर्धा ओहम होतो. दुसरा सापळा ब्रिजचा. दोन चॅनल ब्रिज करून ४ ओहम लावले, तर प्रत्येक चॅनलला ते २ वाटतात. म्हणून ब्रिजची मर्यादा पुस्तिकेत वेगळी दिलेली असते. ती वाचावी.

आपल्याकडे एक सब आज येतो, दुसरा सोयाबीनचे पैसे हाती आल्यावर. हरकत नाही, पण दुसराही त्याच मॉडेलचा घ्या. २ आणि ४ ओहमचे सब पॅरलल जोडले तर २वाल्याला दुप्पट पॉवर जाते, सिरीज केले तर ४वाल्याला. कसेही जोडा, एक राबतो आणि दुसरा आराम करतो.

आता ‘१ ओहमला हजार वॅट’चं वेड. ८० टक्के कार्यक्षमता धरली तर हजार वॅट बाहेर पडायला साडेबाराशे आत लागतात. १४ व्होल्टला ते जवळपास ९० अँपिअर. छोट्या गाडीच्या अल्टरनेटरचा सगळा जोर साधारण तेवढाच, आणि त्यातच हेडलाइट, एसी, फॅन. रात्री अहमदपूर-लोहा रस्त्यावर बेसच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंद होत असेल तर दोष दिव्यांचा नाही. पॉवर निम्मी केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो, कानाला जेमतेम जाणवेल इतका. माझ्या मते नेहमीच्या गाडीला २ किंवा ४ ओहमच योग्य. १ ओहमचा हट्ट स्पर्धेच्या गाड्यांसाठी सोडावा.

जोडून झाल्यावर, अ‍ॅम्पला वायर लावण्याआधी, त्या दोन टोकांना मल्टिमीटर लावा. मीटर कॉईलचा नुसता डीसी रोध दाखवतो, म्हणून ४च्या जागी साडेतीनच्या आसपास दिसेल, ते ठीक. दीड दिसलं तर जोडणी २ची झाली आहे. मग दीड व्होल्टचा सेल त्याच टोकांना क्षणभर टेकवा, प्लसला प्लस. सगळे कोन एकाच दिशेने, बाहेर यायला हवेत. एक आत गेला तर त्याची वायर उलटी आहे. दोन सब एकमेकांचा बेस खातील आणि तुम्ही अ‍ॅम्पला नावं ठेवाल.

पुढच्या आठवड्यात सबचा डबा. तोवर आपल्या सबच्या खोक्यावरचा ओहमचा आकडा आणि अ‍ॅम्पच्या पुस्तिकेतला आकडा एका कागदावर लिहून ठेवा.