वीज न वाहणारं प्लास्टिक जेव्हा उजेड ‘ओळखतं’. केसापेक्षा शेकडो पट बारीक नळ्यांची गोष्ट

मोबाइल घेऊन घरातून उन्हात आलं की स्क्रीन आपोआप उजळते. फोनमधला छोटा सेन्सर बाहेरचा उजेड मोजतो, म्हणून हे घडतं. आज हा सेन्सर सिलिकॉनचा असतो. हेच काम प्लास्टिकच्या अतिसूक्ष्म नळ्यांकडून करून घेता येईल का, यावर शास्त्रज्ञ काम करत आहेत.

प्लास्टिक आणि वीज? मोटारीच्या वायरवर प्लास्टिक असतं ते शॉक लागू नये म्हणूनच! पण सगळं प्लास्टिक सारखं नसतं. काही पॉलिमरमधून वीज वाहू शकते, हे १९७७ मध्ये हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांनी दाखवलं. त्यासाठी त्यांना २००० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. अशाच काही पॉलिमरवर प्रकाश पडला की आतले इलेक्ट्रॉन सुटतात आणि वीज जास्त वाहते. किती वाढली, त्यावरून उजेड किती ते कळतं.

मग नळीच कशाला? कारण प्रकाशाने मिळालेली ऊर्जा या पॉलिमरमध्ये साधारण १० नॅनोमीटरच सरकते आणि विरून जाते. माणसाचा केस ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज घ्या. भिंत जितकी पातळ, तितकी ऊर्जा वाया कमी.

नळ्या बनवण्याची युक्ती भन्नाट आहे. ॲल्युमिनियमचा पत्रा आम्लात बुडवून वीज सोडली की त्यावर मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रं तयार होतात. त्यावर वितळलेलं पॉलिमर ठेवायचं. सोऱ्यातून शेव पाडतात तसा जोर लावावा लागत नाही; तेल भांड्याला पसरावं तसं ते आपणच छिद्राच्या भिंतीवर पसरतं, मधे पोकळी राहते. नंतर साचा कॉस्टिक सोड्यात विरघळवला की नळ्या मोकळ्या. जर्मनीतल्या हाले आणि मारबुर्ग इथल्या संशोधकांनी २००२ मध्ये ही पद्धत जगासमोर मांडली. पुढे २००६ मध्ये आयर्लंडच्या कॉर्कमध्ये अशाच साच्यातून काढलेल्या पॉलिमरच्या एकाच भरीव तारेपासून प्रकाश ओळखणारं उपकरण बनलं.

अडचण टिकाऊपणाची आहे. हवेतला ऑक्सिजन, ओल आणि ऊन एकत्र आले की ही पॉलिमर खराब होतात. म्हणजे ज्या उजेडासाठी ती बनवली, तोच त्यांना खातो. आपल्याकडचा मे महिना आणि लगेच येणारा पावसाळा सोसायचा तर नळ्यांवर हवाबंद आवरण लागेल. शिवाय इतक्या बारीक नळीला दोन्ही टोकांना वायर जोडणं हेही सोपं काम नाही.