ध्वनिफितीमागचा कलावंत

वाशिम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे रामनवमीला बंजारा समाजाचा महासागर लोटतो. गोरबोली बोलणाऱ्या या समाजाची गाणी लोकांसाठी मुद्रित करावीत, असे मोठ्या कंपन्यांना क्वचितच वाटले. बोलीभाषांतील गाण्यांची ही उणीव प्रामुख्याने लहान ध्वनिफीत कंपन्यांनी भरून काढली.

एकेकाळी ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायावर एचएमव्हीचे जवळजवळ एकछत्री राज्य होते. तबकडी काढण्याची यंत्रसामग्री महाग. साहजिकच मोठा खप असल्याखेरीज धंदा परवडत नसे. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेली ध्वनिफीत १९८० नंतरच्या दशकात खेडोपाडी पोहोचली आणि हे गणित पालटले. एका खोलीत प्रती काढता येऊ लागल्या. बॅटरीवर चालणारे यंत्र विजेवाचूनही वाजू लागले.

या कंपन्यांपाशी जाहिरातीसाठी पैसा नव्हता. यात्रेतले दुकान आणि त्यावरचा कर्णा हीच त्यांची जाहिरात. नागपूरच्या दीक्षाभूमीवर भीमगीतांच्या ध्वनिफिती अशाच विकल्या गेल्या. तथापि, श्रोता कंपनीने निर्माण केला, असे मानणे चुकीचे ठरेल. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांच्यासारख्या लोककवींनी गावोगाव हिंडून तो आधीच घडविला होता. लहान कंपन्यांचे श्रेय एवढेच, की मोठ्यांना न दिसलेला हा श्रोता त्यांनी ओळखला. हे श्रेय मुळीच थोडे नव्हे.

परंतु त्याच व्यवहाराची दुसरी बाजू क्लेशकारक आहे. अनेक लोककलावंतांच्या हाती एकरकमी बिदागीपलीकडे काही पडले नाही. कित्येक वेष्टनांवर गीतकाराचे नावही नसे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांना स्वामित्वधनात समान वाटा मिळाला खरा. पण ज्याचे नावच नोंदलेले नाही, त्याने तो कोणाकडे मागावा?

आज ध्वनिफीत मागे पडली असून तीच गाणी भ्रमणध्वनीवर ऐकली जातात. जुन्या फिती मात्र घराघरांत बुरशी खात पडल्या आहेत. त्या जाणणारी पिढी हयात आहे, तोवरच गीतकार, गायक आणि वादक यांची नावे लिहून घेता येतील. जिल्ह्यातील ग्रंथालये व महाविद्यालये यांनी हे काम हाती घ्यावे. नव्या निर्मात्यांनीही लेखी करार आणि नामोल्लेख हे कर्तव्य समजावे. श्रोत्याचे प्रेम कलावंताने मिळविलेले असते. त्याचे मोल त्याच्या पदरी पडलेच पाहिजे.