सालाखालचे ठिपके

इंग्रजी अमदानीतल्या चांदीच्या नाण्यांची वंशावळ वाचकांना पाठ आहे. १८३५च्या कायद्याने १८० ग्रेनचा, म्हणजे एक तोळ्याचा रुपया आला. त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. आधी चौथा विल्यम, मग राणी, १८७७पासून 'एम्प्रेस', पुढे एडवर्ड आणि दोन जॉर्ज. पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, म्हणून १९११चा रुपया परत घ्यावा लागला. तोच आज बाजाराचा लाडका आहे. १९१२ ते १९२२ सगळे एकसारखे. १९४०पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ला निकेल. एवढ्यावर मी थांबतो, कारण मला बोलायचे आहे ते १८६२च्या राणीछाप रुपयाबद्दल.

हे साल तब्बल बारा वर्षे चालले. १८६३ ते १८७३ यांपैकी कुठलेही साल कोरलेला राणीछाप रुपया नाहीच. खरे साल पुन्हा उमटले ते १८७४ला. ही रीत जुनीच. नाणे जुने झाले की सराफ त्याला बट्टा लावत. तो थांबावा म्हणून बंगालमध्ये कंपनीने शाह आलमच्या नाण्यावर १९वे जुलूस साल, म्हणजे त्याच्या राज्यारोहणापासूनचे वर्ष, कायमचे गोठवले होते. १८३५चे साल १८४०पर्यंत आणि १८४०चे १८६२पर्यंत असेच चालले.

पण मुंबईच्या टांकसाळीने गोठलेल्या सालातही आपला हिशेब ठेवला. १८६२च्या आकड्यांखाली ती बारीक ठिपके पाडत गेली आणि त्यांची संख्या पाहून नाणे कोणत्या सुमाराचे ते ओळखता येते. मेजर प्रिडमोर यांच्या सूचीने या प्रकारांची शिस्तशीर मांडणी केली. नाणकशास्त्रातले काही जाणकार आजही म्हणतात, ठिपके मोजणे हा रिकामपणाचा उद्योग. दुर्मिळ साल आणि उत्तम प्रत एवढेच जमवावे. मला हे मुळीच पटत नाही. दुर्मिळ नाणे पैशाने मिळते, ठिपका मात्र नजरेनेच मिळतो.

पुण्याच्या जुन्या बाजारात तरुणपणी मी रविवार घालवले. गोणपाटावर कुलपे, अडकित्ते आणि पितळी दिव्यांशेजारी हे रुपये ढिगाने असत आणि तोळ्याच्या भावाने जात. विक्रेता एकेक रुपया फरशीवर वाजवून देई. खणखणला की खरा. एका रुपयावर १८६२च्या खाली काळा मळ बसला होता. घरी भिंगाखाली धरला, तेव्हा त्या मळातूनच खसखशीच्या दाण्याएवढे चार ठिपके उठून दिसले. तो रुपया पेटीत आजही तसाच आहे, मळासकट.

आता तसे रुपये दिसत नाहीत. चांदीचा भाव चढला की राणीछाप रुपये सरळ आटणीला जातात. उरलेल्यांना लोक रांगोळीने, टूथपेस्टने घासतात. मागे एका दुकानात मी पन्नासेक रुपये पाहिले. सगळे आरशासारखे लख्ख, पण राणीचे केस सपाट आणि सालाखालची जागा कोरी. दुकानदार त्याच लकाकीचे जास्त पैसे मागत होता, आणि गिऱ्हाईक ते देतही होते. जुने सराफ बट्टा लावत तो निदान नाण्याच्या किमतीला. आपण लावतो तो त्याच्या इतिहासाला.

लक्ष्मीपूजनाला चांदीचा रुपया चौरंगावर ठेवायची आपल्याकडे घरोघर रीत आहे. त्यातले कित्येक राणीछाप आहेत. यंदा तो डब्यातून काढाल तेव्हा घासू नका. कडेला धरा, कोरड्या मऊ फडक्याने नुसता टिपा आणि १८६२ असेल तर आकड्यांखाली भिंग धरा. ठिपके मोजून एका चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी रुपयाबरोबरच ठेवा.