कृती लिहा, कारणही लिहा

पिठल्याची कृती चार ओळींत संपते. तेलात मोहरी, हिंग, हळद, मिरची आणि कांदा, मग पाणी, पाण्याला उकळी आली की बेसन, वरून कोथिंबीर. एवढं वाचून कुणालाही पिठलं करता येईल. पण एका घरी बेसन आधी गार पाण्यात कालवून घेतात, दुसऱ्या घरी ते उकळत्या पाण्यात एका हाताने पेरत दुसऱ्या हाताने घोटतात. कुठे ते पळीवाढं असतं, कुठे भाकरीवर ठेवलं तरी ओघळणार नाही इतकं घट्ट. हे फरक नुसत्या आवडीनिवडीचे नसतात. पातळ पिठलं भातावर घेता येतं आणि पंगतीला दोन माणसं वाढली तर पाणी वाढवून पुरवता येतं. घट्ट पिठलं भाकरीबरोबर फडक्यात बांधून शेतावर नेता येतं. घरात भात खाल्ला जातो की भाकरी, जेवण चुलीपाशी होतं की बांधावर, पाहुणा सांगून येतो की न सांगता, यावर ती पद्धत ठरलेली असते. चार ओळींच्या कृतीत यातलं काहीच येत नाही. म्हणून माझं म्हणणं असं आहे की घरच्या साध्या पदार्थामागची गोष्ट हा कृतीचाच भाग असतो. ती गळली की उरते ती अर्धी कृती. आज आपण साहित्याच्या याद्या मोठ्या उत्साहाने जमवतो आहोत, आणि नेमका हा दुसरा अर्धा भाग हातचा घालवतो आहोत.

मुळात आपल्याकडे कृती लिहून ठेवायची गरज पडली, तीच सांगणारं माणूस दूर गेल्यामुळे. स्वयंपाक हा शेजारी उभं राहून शिकायचा विषय होता. ‘बसेल तेवढं पीठ’, ‘अंदाजाने मीठ’, ‘खमंग वास सुटेपर्यंत’ ही मापं शिकवणारी बाई समोर असेपर्यंत पुरत होती. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणीमित्र’ आलं, त्यात हजार पाकक्रिया होत्या. पण घराघरांत पोचलं ते १९७० साली प्रसिद्ध झालेलं कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’. त्याचा खप लाखाच्या पुढे गेला आणि कमलाबाईंना ‘लाख सुनांची सासू’ म्हटलं जाऊ लागलं. या यशाचं एक कारण त्यांच्या मापात आहे. वाटी आणि चमचा ही कुठल्याही घरात सापडणारी भांडी त्यांनी प्रमाण मानली. नोकरीनिमित्त मुंबई-पुण्यात, पुढे परदेशात दोघांचाच संसार मांडणाऱ्या मुलींना विचारायला घरात कुणी नव्हतं. त्यांच्या हाती हे पुस्तक आलं. मापाने मोठंच काम केलं. मात्र मापाला एक मर्यादा आहे. किती घालायचं ते माप सांगतं. का घालायचं, आणि ते नसेल तर काय करायचं, हे त्याला सांगता येत नाही.

कटाच्या आमटीचं उदाहरण घेऊ. नुसती कृती वाचली तर हा प्रकार विचित्र वाटतो: चणाडाळ भरपूर पाण्यात शिजवा, डाळ बाजूला काढा आणि उरलेल्या पाण्याची आमटी करा. डाळ टाकून पाण्याची आमटी का करायची? याचं उत्तर पुरणपोळीत आहे. पुरणासाठी डाळ बोटाने दाबली की मऊ लागेल इतकी शिजावी लागते, त्यासाठी पाणी सढळ लागतं. पण ते पाणी डाळीत राहिलं, की गूळ घातल्यावर पुरण सैल होतं आणि लाटताना पोळी फुटते. म्हणून डाळ चाळणीवर उपसून पाणी निथळून घ्यायचं. या पाण्यात डाळीचा बराच कस उतरलेला असतो, त्यामुळे ते ओतून देणं कुणाच्याही जिवावर येतं. त्यात चिंच, गूळ, भाजलेलं खोबरं आणि काळा किंवा गोडा मसाला पडतो, वरून झणझणीत फोडणी बसते. गोड पोळीने बसलेली मिठी मोडायला तोंडाला असंच काहीतरी आंबट-तिखट हवं असतं. ही हकिकत माहीत असलेल्या माणसाला पुढच्या गोष्टी आपोआप समजतात. कट पातळ वाटला तर त्यात चमचाभर पुरण कालवावं. कुकरमध्ये कमी पाण्यात डाळ शिजवली तर कट निघणार नाही, म्हणून पाणी आधीच जास्त ठेवावं. ज्याच्याकडे नुसती यादी आहे, तो दरवेळी यादीपाशीच अडतो.

भाकरीच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट दिसतं. ‘दोन वाट्या ज्वारीचं पीठ, गरम पाणी, चिमूटभर मीठ’ एवढीच तिची कृती. पण ज्वारी कोणती? मंगळवेढ्याची मालदांडी, म्हणजे रब्बीतली शाळू, पांढरी, गोडसर आणि मऊ भाकरी देणारी. १९६४ साली सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आला आणि त्यानंतर खरिपात संकरित ज्वारीचं पीक वाढलं. तिचं उत्पन्न जास्त, पण भाकरीच्या चवीबद्दल जुन्या लोकांची तक्रार कायम राहिली. पीठ कधी दळलेलं आहे हाही प्रश्न आहेच. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा मुळात नसतो. पीठ जुनं झालं की आहे तेवढंही बळ जातं. बायका म्हणतात, ‘पिठाची विरी गेली’. मग भाकरी थापताना कडेने चिरते. अशा वेळी उकळतं पाणी घालून उकड काढली, पीठ झाकून ठेवलं आणि नीट मळलं की भाकरी पुन्हा जमते. बाजरीचं तर पीठ लवकर कडू पडतं, कारण त्यात स्निग्धांश जास्त असतो. म्हणून ती थोडी थोडी दळून आणायची पद्धत पडली. अमेरिकेत किंवा आखाती देशांत राहणारा मराठी माणूस दुकानातलं महिनोन्महिने पडून असलेलं पीठ आणतो, माप अचूक घेतो, आणि भाकरी फुटली की हातात कसब नाही असं समजून नाद सोडतो. त्याचा हात चुकलेला नसतो. ‘आमच्याकडे आठवड्याचंच दळण असायचं’ हे घरातलं एक वाक्य त्याच्यापर्यंत पोचलेलं नसतं.

अशा गोष्टींत पुष्कळदा टंचाईचा इतिहास दडलेला असतो. कोकणात भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर कुळीथ घेतात. तो हलक्या जमिनीतही येतो आणि भाजून दळला की टिकतो. पावसाळ्यात समुद्र बंद, भाजी दुर्मीळ, तेव्हा आगोटीला भरून ठेवलेलं हे पीठ उपयोगी पडतं: लसणाची फोडणी, पाणी, आमसूल आणि कुळथाचं पीठ, की भातावर घ्यायला पिठी तयार. गोव्यात पावसाळ्याच्या अशाच बेगमीला पुरुमेंत म्हणतात. मराठवाड्यात धान्य-डाळी आणि मसाले भाजून दळलेला येसर डब्यात असतो. पाण्यात कालवून उकळला की भाजी नसतानाही कोरड्यास होतं. १९७२च्या दुष्काळात लोकांनी रेशनवर आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या, दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ सालच्या पुस्तकाने मराठवाड्यातल्या दलितांच्या घरचं अन्न कागदावर आणलं. त्यात वाळवलेल्या मांसाच्या चान्या आहेत. त्या का वाळवाव्या लागल्या, कुणाच्या वाट्याला काय येत होतं आणि काय येऊ दिलं जात नव्हतं, हेही आहे. ही माहिती काढून टाकली तर चान्या हा केवळ मांस टिकवण्याचा एक प्रकार ठरेल आणि त्यामागचा अन्याय अदृश्य होईल.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा आहे. संध्याकाळी सातला दमून आलेल्या माणसाला वीस मिनिटांत जेवण हवं असतं; त्याने आजीच्या आठवणी वाचत बसावं का? तक्रार रास्त आहे. आठवणींची पानंच्या पानं लिहून कृती शेवटी कोपऱ्यात टाकणं हे वाचकाचा वेळ घेणंच आहे. पण मी ज्या गोष्टीबद्दल बोलतो आहे ती एका-दोन वाक्यांची असते, आणि ती कृतीच्या पायरीलाच चिकटलेली असते. ‘बेसन गार पाण्यात कालवून घ्या, म्हणजे गुठळ्या होत नाहीत, पेरून केलं तर होतात आणि काहींना त्याच आवडतात’ असं लिहायला वाढीव ओळ लागते एक. तिच्यामुळे वाचणाऱ्याचा पुढचा गोंधळ वाचतो. घाईत असलेल्या माणसाला तर कारण अधिकच उपयोगी, कारण घाईतच एखादा जिन्नस घरात नसतो आणि काय वगळलं तर चालेल ते पटकन ठरवावं लागतं.

दुसरा आक्षेप असा की आठवण बेभरवशाची असते. हेही खरंच आहे. उपासाची साबुदाण्याची खिचडी आपल्याला पुराणकाळापासूनची वाटते. पण तिच्यातला शेंगदाणा, मिरची, बटाटा आणि आज ज्यापासून साबुदाणा होतो तो कसाव्याचा कंद, ही चारही पिकं मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज आणि इतर युरोपीय या भागात येऊ लागल्यानंतरच ती इथे आली. तमिळनाडूतल्या सेलमचा साबुदाण्याचा धंदा तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभा राहिला. तेव्हा ‘हजारो वर्षांची परंपरा’ असं कुणी सांगितलं की तपासून घ्यावं. मात्र घरातल्या आठवणीकडे आपण पुराव्याची मागणी करायची ती तिच्या आवाक्यातली. पदार्थ कुठे जन्मला हे आजी सांगू शकत नाही, पण तिच्या चुलीवर तो कसा होत होता, कशाच्या ऐवजी काय घालत होते, कोणत्या वर्षी ज्वारी बदलली, हे ती खात्रीने सांगू शकते. दोन पिढ्यांच्या टप्प्यातली ही साक्ष पुष्कळदा दुसऱ्या कुठल्याही कागदपत्रात मिळत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. स्वयंपाकघराच्या गोष्टी गोड करून सांगितल्या, की तिथे राबलेल्या बाईचे कष्ट झाकले जातात. ‘आईच्या हातची चव’ म्हणताना ती आई पहाटे जात्यावर बसत होती, धुराने डोळे चोळत होती आणि सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं जेवत होती, हे सांगितलं जात नाही. हा आक्षेप मला मान्य आहे आणि त्यामुळेच गोष्ट पूर्ण सांगितली पाहिजे असं मी म्हणतो. मुंबईच्या गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका होत्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून त्यांना संघटित केलं, तेव्हा ज्याला घरकाम समजलं जात होतं ते उत्पन्न देणारं श्रमाचं काम आहे हे लोकांना दिसलं. कृतीसोबत वेळ, सरपण, पाणी आणि राबणारे हात यांची नोंद झाली, तर पदार्थाची खरी किंमत कळते. शिवाय कारणासकट लिहिलेली कृती मुलगा, नवरा, बाप यांनाही सहज शिकता येते. स्वयंपाकाची जबाबदारी एकाच व्यक्तीच्या गळ्यात राहू नये असं वाटत असेल, तर तिच्या डोक्यात असलेलं ज्ञान बाहेर आलंच पाहिजे.

आता तर सगळं चित्रफितींत आहे, मग लिहायचं कशाला, असंही विचारलं जातं. हाताची हालचाल, भाकरी थापण्याची गती, फोडणी तडतडण्याचा आवाज हे चित्रफीत लेखणीपेक्षा चांगलं दाखवते. पण बहुतेक चित्रफिती जमलेला पदार्थ दाखवतात. बिघडल्यावर काय करायचं, तुमच्या घरचं पीठ वेगळं असेल तर काय, हे त्यात क्वचित येतं. दोन्ही माध्यमांनी एकमेकांना पूरक व्हावं. हात दाखवायला चित्रफीत, आणि कारण सांगायला लिखाण.

हे काम कठीण नाही आणि त्याला संस्था लागत नाही, अनुदानही लागत नाही. घरात सहज होणारे, सणासुदीचे नव्हेत तर रोजचे दहा पदार्थ निवडावेत: पिठलं, आमटी, भाकरी, मेतकूट-भात, ठेचा, एखादी पालेभाजी. करणाऱ्या माणसाच्या शेजारी उभं राहून प्रत्येक वेळी ‘बसेल तेवढं’ वाटीने मोजून घ्यावं. मग विचारावं: हे का घालता? नसलं तर काय घालता? हे कुणाकडून शिकलात, तेव्हा काय वेगळं होतं? कशामुळे बिघडतं आणि मग काय करता? उत्तरं त्याच माणसाच्या शब्दांत, त्याच्या बोलीत, नाव आणि गाव घालून लिहावीत. ज्यांच्याकडे ही उत्तरं आहेत त्यांची वयं आज सत्तरी-ऐंशीच्या पुढे गेली आहेत. वाटी-चमच्याचं माप नंतर कुणालाही प्रयोग करून काढता येईल. कारण मात्र तेच सांगू शकतात. म्हणून येत्या रविवारी वही घेऊन त्यांच्यापाशी बसा आणि एका पदार्थापासून सुरुवात करा.